खाली मान घालून काढलेला फोटो

जुन्या कॅमेऱ्यांचा नाद मला सत्तरच्या दशकात लागला, हट्ट्याला गावच्याच शाळेत मास्तर असताना. वसमतच्या बाजारात जुनं सामान विकणारा एक जण बसायचा; त्याच्याकडून मी चार कॅमेरे आणले. तीन नुसते शोभेचे. बायको म्हणायची, "त्या भंगारवाल्याचं तेवढं घर चालवा तुमी." पण चौथा, काळ्या पेटीसारखा, चालू निघाला. तो डोळ्याला लावायचा नव्हता. वरच्या अंगाला एक इवलीशी काच होती, खाली मान घालून तिच्यात बघायचं. एका रोलवर आठच फोटो निघत आणि रोल परभणीहून आणावा लागे. त्यामुळे मी कंजूष झालो होतो, आणि तापटही. समोरचं माणूस जरा हललं की माझं डोकं फिरायचं.

आमच्या शेतात कामाला येणारी एक बाई होती, माझ्या आईच्या वयाची, बौद्ध वस्तीतली. घरात सगळे तिला एकेरी बोलायचे, मीही. तिचा मुलगा औरंगाबादला कॉलेजात शिकत होता आणि त्यानं आईचा फोटो मागितला होता. तिचा तर जन्मात एकही फोटो निघाला नव्हता. रोलवर शेवटचा एक उरला होता, तो मी तिला देऊ केला.

धुतलेलं लुगडं नेसून ती आली. तिला पडवीत बसवलं. तिथं उजेड कमी, म्हणून कॅमेरा स्टुलावर ठेवला. "तीन म्हणेपर्यंत हलायचं न्हाई," असं बजावून मी काचेवर वाकलो, खटका दाबून धरला आणि मोजायला लागलो. तेवढ्यात ती लगबगीनं उठली, हात जोडून वाकली. मी ओरडलोच, "काहून उठलीस?"

ती गांगरली. "मास्तर, तुमी माह्यापुढं मान वाकवली. मंग मी बसूनच राहू का?"

मला हसू आलं. चार दिवस घरात तो किस्सा रंगवून सांगितला. फोटोत तिचा चेहरा पुसट आला. जोडलेले हात तेवढे ओळखू येत होते. तरी तिनं तोच पाठवायला लावला. मीच लिफाफ्यात घालून धाडला.

पंधरा दिवसांनी मुलाचं कार्ड आलं, माझ्या नावावर. 'फोटो मिळाला. माझी आई कुणापुढे हात जोडून वाकली आहे, ते कळवावे.'

आधी राग आला. आधी मीच वाकलो होतो, असं लिहायला बसलो, पण हात चालेना. मी काचेसमोर वाकलो होतो. तिला लहानपणापासून पाहत होतो आणि तिच्यापुढं कधी साधे हातसुद्धा जोडले नव्हते. मला फार लाज वाटली. उत्तर तसंच ठेवलं, परभणीहून नवा रोल आणला आणि तिला बोलावणं धाडलं.

ती येऊन पडवीत बसली. कॅमेऱ्याकडे जाण्याआधी मी तिच्यासमोर उभा राहिलो, हात जोडले आणि वाकलो. आई दारातून बघत होती.

बाई उठल्या. हात जोडून "जय भीम, मास्तर" म्हणाल्या आणि पुन्हा बसल्या. मग मी काचेत पाहिलं. तीन म्हणेपर्यंत त्या जराही हलल्या नाहीत.