लिस्बनहून केलेला फोन
सहाणेवर चंदन उगाळायला घेतलं की त्या वासाबरोबर मला लिस्बनमधली एक थंड सकाळ आठवते. तिथे राहणाऱ्या आमच्या मुलाने आणि सुनेने एक मुलगी दत्तक घेतली होती, आणि तिला पहिल्यांदा बघायला पेडण्याहून मी एकटीच गेले होते. "रगत आमचें न्हय," एवढंच बोलून माझे यजमान घरी राहिले. देवपूजेचं निमित्त होतंच. तापातसुद्धा त्यांची पूजा चुकली नव्हती. घरात मूल जन्मलं की सोयर, माणूस गेलं की सुतक, तेवढ्याच दिवसांत ते देवाला शिवत नसत. सुनेने बाळ माझ्या मांडीवर ठेवलं तेव्हा, खरं सांगते, मीही त्या तोंडावर ओळखीचं नाक शोधत बसले. ती मात्र माझा पदर मुठीत धरून झोपून गेली. खोलीत दुधाचा आंबूस वास होता, बाहेर ट्राम खडखडत होती, आणि तो पदर काही माझ्याने सोडवून घेववेना. दुपारी मुलाने घरी फोन लावून दिला. "बघितली," मी म्हटलं. त्यांनी तिथल्या थंडीचं विचारलं. मग मीच चिडून विचारलं, "पूजा तरी झाली का?" "शेजाऱ्याक करूंक सांगल्या," ते सावकाश म्हणाले, "आमकां सोयर आसा." आता पूजा मी करते. ते गेले त्या दिवशी नातीचा तिकडून फोन आला होता. आधी नुसती रडली, मग म्हणाली, "आजी, सुतक मी इथे कसं पाळू?"