दादांच्या गाडीतला ऑइलचा काटा

दादांची पँट धुताना बायकोने तोंड सोडलं. "हा ऑइलचा डाग आहे, जन्मात जायचा नाही. म्हातारी मोटार तुमची आणि घासत बसायचं मी!" गाडीविषयी कोणी वाकडं बोललं की दादांना ऐकूच येत नाही. पण डाग मात्र त्यांनी चिमटीत चोळून पाहिला. इंजिनातलं ऑइल चालवणाऱ्याच्या पायावर येतंय, म्हणजे काट्याची नळी गेली.

असल्या जुन्या गाड्यांना धोक्याचे दिवेबिवे नसतात. इंजिनापासून एक बारीक तांब्याची नळी थेट डॅशबोर्डापर्यंत येते. तिच्यातून खरंखुरं ऑइल येतं आणि त्याचा दाब काटा दाखवतो. काटा वर असला की इंजिन सुखात. पडला की मुकाट्याने गाडी बाजूला घ्यायची.

दादा जन्मभर ड्रायव्हर. शाळेची बस, डॉक्टरांची गाडी, दुधाचा टँकर, चालवलं ते सगळं दुसऱ्यांचं. आपली म्हणायला वडिलांची ही एकच. वडील गेले तेव्हा भाऊ शाळेत होता. त्याला दादांनीच वाढवलं, त्याच्या हातात पाना दिला, गॅरेजला जागा शोधून दिली. आता तो पन्नाशीला टेकला, तरी अख्खी गल्ली त्याला धाकटाच म्हणते. "माझा धाकटा नुसता कान लावून इंजिनाचं दुखणं सांगतो," हे ऐकून ऐकून लोकांचे कान किटले होते, पण दादांचं सांगणं काही थांबत नव्हतं.

मागे दादा पाय मोडून घरात पडले आणि नेमकं तेव्हाच गाडीचं काम निघालं. इंजिनातली बेअरिंगं झिजली होती, आणि ती झिजली की ऑइलचा दाब टिकत नाही, काटा पडतो. या गाडीची बेअरिंगं आता मिळतात कुठे? दादांनी मात्र फोन करकरून, लोकांच्या हातापाया पडून एक कोरा संच आधीच मिळवला होता. कपाटात, चांगल्या कपड्यांच्या खाली, कागदात गुंडाळून जपला होता. तो त्यांनी धाकट्याच्या ओंजळीत ठेवला. गाडी परत आली ती काटा ताठ उभा घेऊनच. दादा कुबडी टाकून नाचायचेच काय ते बाकी होते.

आता या गाडीतून आईला मावशीकडे न्यायचं होतं. आईची एकुलती एक बहीण घाटापलीकडे राहते. आईला बस लागते, आणि परक्याच्या गाडीत ती पाऊल ठेवत नाही. "जाईन तर ह्यांच्या गाडीतनं," असा तिचा हेका. खरं तर गेल्या वर्षीच जायचं ठरलं होतं, पण धाकटा आडवा आला. "आई, तुझी पाठ बघ. घाट झेपायचा नाही तुला." आई थांबली, आणि पोरगं किती जपतं म्हणून चार घरी कौतुक करून आली. या थंडीत मावशीचे डोळे गेले. तेव्हा आईने जाहीर केलं की रविवारी निघायचं, आणि आता ती कोणाच्या बापाचं ऐकणार नाही.

दादांनी धाकट्याला फोन लावला. "अरे, काट्याची नळी गळतेय."

"हात लावू नकोस हं दादा. मी येऊन बघतो."

"नळीच तर बदलायची, त्याला तू कशाला?" म्हणून दादांनी फोन ठेवला आणि बाह्या सावरल्या.

नवी नळी आणली. झाडूच्या दांड्यावर गुंडाळून तिला दोन वेढे दिले. ही वडिलांची शिकवण. सरळ नळी इंजिनाच्या थरथरीने तुटते, वेढ्यात ती थरथर जिरते. इंजिनाकडचा नट सोडला, मग डॅशबोर्डाखाली उताणं होऊन, तोंडात बॅटरी धरून काट्यामागचा सोडला. जुनी नळी ओढून काढली.

ऑइल ठिबकलं नाही. मधासारखी तार धरून लोंबत राहिलं.

दादा तसेच पडून राहिले. इतकं घट्ट ऑइल या इंजिनात कोणी घालत नाही. घालतात ते गाडी गळ्यात मारणारे चोर, झिजलेल्या इंजिनाचा काटा वर दिसावा म्हणून. वर थंडीत असल्या ऑइलचा दाब एवढा चढतो की जुन्या नळीचा सांधा उकलतो. लबाडी करणाऱ्याला तेवढं सुचलं नव्हतं.

छे, धाकट्याचा डबा चुकला असेल, म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली. नवी नळी बसवली, ते घट्ट ऑइल काढून नेहमीचं भरलं, गाडी चालू केली. नळीतून एक थेंब गळेना. पण इंजिन तापलं तसा काटा खाली, आणखी खाली आला, आणि आतून ठकठक ऐकू यायला लागली. दादांनी गाडी बंद केली, इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर उतरवलं आणि एक बेअरिंग काढून हातात घेतलं. झिजून तांबं उघडं पडलं होतं. मागच्या बाजूला फुली ओरखडलेली होती. वडील स्वतः बसवलेल्या प्रत्येक भागावर अशी फुली मारत. म्हणजे हे जुनंच.

मग नवी गेली कुठे? अशी दुसरी गाडी गावात एकच, शेठची. मेलेली पडली होती ती, धाकट्याने उभी केली आणि जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात कप मिळवला. कुबडी घेऊन टाळ्या वाजवायला दादा गेले होते, तेही पहिल्या रांगेत. आठवून त्यांना स्वतःचीच लाज वाटली. सगळं होतं तसं परत बसवून ते घरात गेले.

धाकटा उगवला तो रविवारी सकाळी. नवी नळी दिसताच त्याचा चेहरा उतरला.

"शेठच्या गाडीत घातलीस ना?" दादांनी विचारलं.

"दादा, तुझी गाडी वर्षातनं दोनदा निघते. दुसरी शोधून घालणारच होतो मी." मग वरच्या आवाजात, "काटा बघून खूश होतास ना तू?"

कानफटात द्यावी असं दादांना वाटलं. पण तेवढ्यात आई पिशवी घेऊन बाहेर आली आणि मागच्या सीटवर ऐसपैस बसली. दादांनी चावी धाकट्याच्या हातात कोंबली.

"आज तू चालव. ने आईला घाटावरून."

धाकटा बसला. चावी घातली. हात तिथेच राहिला. समोर काटा शून्यावर होता आणि वरच्या आरशात आई हसत होती.

"आई, उतर."

"का रे? काय झालं?"

"घाटात इंजिन जाम होईल. बेअरिंगं बदललीच नाहीत मी. शेठच्या गाडीला घातली."

"कधी?"

"दादाचा पाय मोडला तेव्हा."

आई सीटवरून पुढे सरकली. "म्हणजे गेल्या वर्षी माझ्या पाठीचं जे काढलंस, ते..."

धाकट्याने मान खाली घातली. दादांनी दार उघडून धरलं, पण आई उतरेना. पिशवी मांडीवर घट्ट धरून तशीच बसली.

"गेल्या वर्षी तिला दिसत होतं रे," ती म्हणाली.