खिशातली गोळी

चिंचणीत ललित चुरीला कोणी भित्रा म्हटलं असतं, तर म्हणणाऱ्यालाच लोकांनी वेड्यात काढलं असतं. शेजाऱ्याची म्हैस विहिरीत पडली तेव्हा कमरेला दोर बांधून उतरला तो ललितच. बोईसरच्या लोखंडाच्या कारखान्यात, छपराला लागून धावणाऱ्या क्रेनच्या केबिनमध्ये बसून त्याने अर्धं आयुष्य काढलं होतं. तारेची एकेक कॉइल मोटारगाडीच्या वजनाची. ती उचलायची, कडेकडेने न्यायची आणि ट्रकमध्ये अशी टेकवायची की आत झोपलेल्या ड्रायव्हरची कूससुद्धा बदलू नये. नात्यागोत्यात ललित पुष्कळ होते, पण ‘क्रेनवाला ललित’ म्हटलं की तो हाच. हे नाव त्याला आपल्या आडनावापेक्षा प्यारं होतं.

दिवाळीनंतरच्या एका सकाळच्या पाळीत, कॉइल हवेत असताना, त्याच्या छातीत धडधड सुरू झाली. तोंडाला कोरड पडली, बोटं बधिर झाली आणि आपण आत्ता, इथेच मरणार अशी त्याची पक्की खात्री झाली. कारण काही नव्हतं. घरात भांडण नाही, दारूचा थेंब नाही. त्याने कशीबशी कॉइल खाली टेकवली आणि केबिनमध्येच डोकं गुडघ्यांत घालून बसून राहिला. खाली चंद्रभान होता. तो गाझीपूरकडचा खलासी. कॉइलला आकडा लावायचा आणि हाताच्या खुणांनी क्रेनला वाट दाखवायची हे त्याचं काम. ललित उतरल्यावर म्हणाला, ॲसिडिटी झाली. चंद्रभानने मान हलवली आणि कॉइलचा आकडा सोडवायला गेला.

मग ते येतच राहिलं. कधी मोटारसायकलवर, कधी भर लग्नाच्या पंगतीत. बोईसरच्या डॉक्टरने ईसीजी काढला, तो नॉर्मल निघाला. पुन्हा काढला, पुन्हा नॉर्मल. आपलं काळीज धडधाकट आहे हे ऐकून एवढं वाईट वाटलेला माणूस त्या दवाखान्याने पाहिला नसेल. काळजाचा रोग चारचौघांत सांगता येतो, त्याला मान असतो. हा कसला रोग? शेवटी त्या डॉक्टरने पालघरच्या एका मानसोपचाराच्या बाईंकडे चिठ्ठी दिली, आणि ललितची बायको मेघाली त्याला जवळजवळ ओढतच तिकडे घेऊन गेली.

बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. हा चिंतेचा आजार आहे, झटके येतात ते त्याचेच, आणि तो बरा होतो, असं त्या म्हणाल्या. गोळी लिहून दिली. रोज सकाळी खाऊन झाल्यावर एक घ्यायची, गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील. पहिले काही दिवस मळमळेल, कदाचित घालमेल आणखी वाढेल, म्हणून लगेच सोडायची नाही. आणि मी पुन्हा तपासेपर्यंत क्रेनवर चढायचं नाही. ललितने सगळ्याला हो म्हटलं. त्याच्या कानात राहिलं ते शेवटचंच वाक्य.

घरी आल्यावर त्याला डोळ्यांसमोर बळवंतकाका दिसायला लागला. काका जाऊन वर्षं झाली होती, पण चुरींच्या ओट्यावर तो अजून बसलेलाच होता: तोंड अर्धवट उघडं, नजर कुंपणाबाहेर, हाक मारली तर बऱ्याच वेळाने ‘ओ’. त्यालाही डोक्याच्या गोळ्या चालू होत्या, एवढंच घरातल्या पोरांना माहीत. आणि पोरं काय, काकाची चाल करून दाखवायची. त्यात ललित पहिला.

आता तारापूरच्या आसपास राहणाऱ्या माणसाच्या डोक्यात गोळीविषयी एक गोष्ट घट्ट बसलेली असते, ती सांगितलीच पाहिजे. अधूनमधून सायरन वाजवून अणुवीज प्रकल्पाच्या आणीबाणीचा सराव होतो. ललित त्यातला हौशी स्वयंसेवक. घरोघर जाऊन तो सांगायचा की दारंखिडक्या लावा, घरातच थांबा, आणि आयोडिनच्या गोळ्या वाटल्या तर सूचना आल्याशिवाय एकही तोंडात टाकू नका. उगाच आधी घेऊन काही फायदा नाही. हे त्याला इतकं पाठ होतं की वाडीतली म्हातारी माणसं त्याला चिडवायची, ललित, आज घेऊ का रे गोळी?

तर हा माणूस पालघरहून आणलेली गोळ्यांची पट्टी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवायला लागला. संकट आलं की घ्यायची. तोवर हात लावायचा नाही. मेघालीने विचारलं तर म्हणायचा, चालू हाय, नि कामही खालीच हाय. भीतीला नेहमी एक वकील लागतो. ललितच्या भीतीला तो सरावात मिळाला. बाईंनी रोज सकाळी म्हटलेलं त्याने नीट ऐकलं होतं. पण रोज घेणं म्हणजे आपण बळवंतकाका, आणि जवळ नुसती बाळगणं म्हणजे आपण सावध माणूस. शिवाय औषध सुरूच केलं नाही, तर क्रेन सोडायचा प्रश्न येतो कुठे?

संकट आलंच. चंद्रभान ट्रकच्या हौद्यात उभा राहून खुणा करत होता आणि कॉइल त्याच्या दिशेने येत होती. ललितची बोटं पुन्हा बधिर व्हायला लागली. त्याने एका हाताने खिसा चाचपला, पिशवी सुटेना, दातांनी फाडली आणि गोळी कोरडीच गिळली. मग वाट पाहिली. आता उतरेल, आता उतरेल. उतरायचं सोडाच, धडधड कानांत शिरली. या सगळ्या झटापटीत दुसरा हात क्रेनच्या दांड्यावरून घसरला, क्रेन हिसका देऊन पुढे गेली आणि कॉइल झुलली. चंद्रभान हौद्यात आडवा पडला म्हणून वाचला. त्याच्या खांद्यावरून गेलेलं लोखंड ट्रकच्या फाळक्यावर आदळलं आणि फाळका वाकला.

शेडमध्ये सगळे थिजले. चंद्रभान उठला, ट्रकमधून खाली उतरला, बाकीच्यांना लांब हाकललं आणि मोकळ्या जागेत येऊन उभा राहिला. त्याने हात आडवा धरला, म्हणजे थांब. किती तरी वेळ तो तसाच धरून ठेवला. मग बोट खाली करून अगदी सावकाश फिरवलं, म्हणजे हळू उतरव. ललितला दुसरं काही दिसत नव्हतं, तेवढं बोट दिसत होतं. त्या बोटाच्या मागे मागे त्याने कॉइल जमिनीवर आणली.

घरी येऊन तो मेघालीला जवळजवळ विजयाने म्हणाला, की बघ, त्या गोळीत काही राम नाही. घेतली, आणि काडीचा उपयोग झाला नाही. मेघाली चिकू निवडत होती. तिने पट्टी मागितली. पट्टीत एकच खळगा रिकामा होता. तिने ती उलटसुलट करून पाहिली आणि टोपली बाजूला सारली.

“तुमी हिची सायरनची गोळी केलीत,” ती म्हणाली. “बाईंनी काय सांगितलं, ते माझ्या कानांनी ऐकलंय मी. इतके दिवस माझ्याशी खोटं बोललात?”

तिला रडू कोसळलं आणि राग आल्यामुळे ते थांबेना. कॉइल झुलल्याचं मात्र ललितने तिला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाळी सुरू व्हायच्या आधी तो चंद्रभानला शोधत पाण्याच्या टाकीमागे गेला. चंद्रभान फोनवर होता. पलीकडून लहान मुलीचा आवाज येत होता, आणि तो तिला काय खाल्लंस, शाळेत कोण मारतं, असलं काहीबाही विचारत होता. फोन ठेवल्यावर ललितने माफी मागितली. काल हात घसरला म्हणाला. चंद्रभानने फोन खिशात घातला.

“ललितभाई, एक बात बोलूँ? दिवाली के बाद से जिस दिन आप ऊपर रहते हैं न, हम पहले घर फोन लगा लेते हैं. बिटिया की आवाज सुन लेते हैं. फिर काम पर आते हैं.”

तो रागावला नव्हता, हेच ललितला सोसेना. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्याला वाटत होतं की आपली भीती आपल्या छातीत कुलूप लावून ठेवली आहे. आणि ही तर रोज सकाळी खाली उतरून दुसऱ्याच्या घरापर्यंत, गाझीपूरकडच्या एका पोरीपर्यंत जात होती. आणि तिच्या बापाने कोणाकडे चुगली केली नव्हती, पाळी बदलून मागितली नव्हती. नुसता फोन लावत होता.

ललित त्या दिवशी शिडी चढला नाही. सरळ शैलेशसाहेबांच्या, म्हणजे शिफ्ट इन्चार्जच्या केबिनमध्ये गेला आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं: झटके, पालघर, गोळी, आणि कालची कॉइल कशाने झुलली ते. साहेबांचा चेहरा उतरला. ते आधी खूप बोलले. शेवटी म्हणाले, की डॉक्टरचं लेखी येईपर्यंत वर जायचं नाही, खाली खलाशांत काम करायचं. ‘क्रेनवाला’ हे नाव केबिनच्या दारातच गळून पडलं असं ललितला वाटलं. बाहेर आला तेव्हा सगळी शेड आपल्याकडेच बघतेय अशी त्याची समजूत झाली, आणि ती अगदीच खोटी नव्हती.

गोळी मात्र अजून घ्यायची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मेघालीने तांदळाची भाकरी आणि कालच्या बोंबलांचं कालवण पुढे ठेवलं. ललितने खाल्लं. गोळी तळहातावर घेतली आणि हात थांबला. समोर त्याची आई रखमाबाई बसली होती. तिच्यापासून तर सगळं लपवलेलं. पण भिंती पातळ आणि सासूचे कान तिखट. तिला सगळं ठाऊक होतं.

“बळवंतासारखा होशील म्हणून घाबरतोस ना?” तिने विचारलं.

 ललितच्या हाताला घाम सुटला होता आणि गोळी तळव्याला चिकटली होती. तो म्हणाला की काका आधी चांगला होता, मग गोळ्या आल्या.

“कोण म्हणतं चांगला होता? तू तेव्हा पाळण्यात होतास. भिंतीशी बोलायचा तो. ताटात कोणी इख कालवलंय म्हणून जेवायचा नाय. त्याचं दुखणं निराळं, त्याच्या गोळ्या निराळ्या. पोट बिघडलं नि डोळे आले तर एकच औषध घालतोस काय?”

मग ती हळूच म्हणाली, “आणि त्या गोळ्यांवर तो निदान जेवत होता रे. तुमी पोरं हसायचात, ते त्याला कळायचं.”

ललितच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने गोळी जिभेवर ठेवली. कडू लागली. पाणी प्यायला, आणि गिळल्यावरही बराच वेळ ती घशात आहे असंच त्याला वाटत राहिलं. आता काय होणार म्हणून तो मेघालीचा हात धरून बसला. काहीच झालं नाही. कोंबड्या अंगणात आल्या, मेघालीने हात सोडवून घेतला आणि त्यांना हाकललं.

पुढचे दिवस वाईट गेले, बाईंनी सांगितलं होतं तसेच. पोटात ढवळायचं, झोप उडायची, छाती उगाचच धावायची. रोज सकाळी त्याला वाटे, आज नको. मेघाली भाकरी वाढून समोर बसून राही, गोळी जाईपर्यंत. एकदा तर त्याने घराच्या पायरीवरूनच पालघरला फोन लावला. बाईंनी दोन-चार प्रश्न विचारले आणि आणखी थोडा धीर धरायला सांगितलं. धीर कोणत्या दुकानात मिळतो, असं त्याच्या तोंडावर आलं होतं.

कारखान्यात तो आता चंद्रभानच्या हाताखाली होता; गोळीचं त्याला एकट्याला सांगून ठेवलं होतं. वर केबिनमध्ये मेहुल नावाचा नवा ऑपरेटर. इतक्या वर्षांत ललितने कॉइल नेहमी वरून पाहिली होती, आणि वरून ती लहान दिसते. खालून ती छप्पर झाकते. खालून ऑपरेटरचा चेहरा दिसत नाही, त्याचे हात दिसत नाहीत, त्याच्या मनात काय चाललंय ते तर नाहीच. नुसतं ते लोखंड तुमच्याकडे येताना दिसतं. पहिल्यांदा ते आलं तेव्हा ललित दोन पावलं मागे सरला. झटका चढत होता. त्याला पळून जावंसं वाटलं.

चंद्रभानने ते पाहिलं. त्याने वर हात आडवा धरून मेहुलला थांबवलं. त्या शेडमध्ये हळू बोलायची सोय नाही. यंत्रांच्या आवाजात ओरडल्याशिवाय शेजारच्यालाही ऐकू जात नाही. म्हणून चंद्रभान ओरडला, सगळ्या शेडला ऐकू जाईल असा.

“ललितभाई! आज गोली खाए कि नहीं?”

चार-पाच माना वळल्या. ट्रकवाला वळला. वरून मेहुलनेही वाकून पाहिलं. जी गोष्ट ललितने आईपासून लपवली, बायकोशी खोटं बोलून लपवली, एका माणसाच्या खांद्यावरून लोखंड जाईपर्यंत लपवली, ती आता उघड्यावर पडली होती, चहा घेतला का म्हणावं इतक्या सरळपणे. त्याच्या कानशिलांत रक्त चढलं. नाही म्हणता आलं असतं. ऐकू आलं नाही असंही दाखवता आलं असतं.

“खाल्ली!” ललित ओरडला.

“तो खड़े रहिए. हम हैं इधर.”

चंद्रभानने बोट खाली केलं आणि सावकाश फिरवायला सुरुवात केली. ललितची छाती धडधडतच होती. तो पाय रोवून उभा राहिला आणि कॉइल खाली येईपर्यंत जागचा हलला नाही.