खोक्यावर छापलेली शिंक

"वाच. मोठ्यानं वाच," थोरली म्हणाली.

धाकटीनं खोका हातात घेतला. त्यावर काय लिहिलंय ते तिला न बघताही ठाऊक होतं. तिनंच तर लिहिलं होतं.

"ताई, अगं ऐक तरी..."

"वाच म्हटलं ना. लिहिताना हात अडखळला नाही, मग आता जीभ कशाला अडखळतेय?"

धाकटीनं वाचलं. 'शिंक आली की आधी भिंत शोधता? आता आहात तिथंच शिंका.'

"हे कुणाचं?"

थोरलीला दुसऱ्या बाळंतपणापासून शिंकलं, खोकलं, खदखदून हसलं की थेंब सुटायचे. शिंक येतेय असं वाटलं की ती भिंत गाठायची, पाठ टेकायची आणि पायाला पाय आवळून उभी राहायची. एका दुपारी वाळलेल्या चादरींच्या घड्या घालताना तिनं धाकटीला हे सांगितलं होतं. शिंक आली की मी आधी भिंत शोधते बघ, म्हणून दोघी हसल्याही होत्या. सख्ख्या बहिणीला नाही सांगायचं तर कुणाला?

थोरली कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला. तिथं एकीनं असे सुटलेले थेंब शोषणारे हे पॅड विकत आणले आणि जेवणाच्या सुट्टीत खोका फिरवून फिरवून वाचून दाखवला. बाया हसल्या. मग एकीची नजर थोरलीकडे गेली, तिच्या मागोमाग दुसरीची. शेजारच्या मशीनवर जन्म काढलेल्या बाया त्या. ही मधेच उठून भिंतीकडे का पळते, ते त्यांना त्या दिवशी उमगलं. तेव्हापासून तिचं नाव पडलं भिंत. 'भिंत आली का गं?' 'भिंतीला जरा सरकायला सांगा.'

"मी उद्यापासून कामावर जात नाही," थोरली म्हणाली. "ते वाक्य तिथनं काढ. नाही काढलंस तर या घरात पाय टाकू नकोस." आणि ती भाजी चिरायला बसली. जा असंही म्हणाली नाही.

धाकटीचं काम वस्तूंच्या खोक्यांवरचा आणि जाहिरातींतला मजकूर लिहायचं. नवी होती तेव्हा तिनं याच पॅडवर पानभर लिहून नेलं होतं. कापूस किती मऊ, थर किती, पाणी किती शोषतो. मालकानं कागद परत सरकवला. "हे कापसाचं कौतुक झालं. बाईच्या जिवाला काय आराम पडणार, ते कुठाय?" तेव्हापासून तिनं वस्तू बाजूला ठेवून माणसाची अडचण धरायला सुरुवात केली. अडचणी घरात मुबलक. बापाच्या पाठीवर गाद्या खपल्या, आईच्या वाकड्या बोटांवर बरण्या. बाप तर चारचौघांत सांगायचा, ती गादी माझ्या पाठीमुळं चालली. म्हणून ताईलाही चालेल असं तिनं धरून टाकलं. विचारलं मात्र नाही. विचारलं असतं तर ती नको म्हणाली असती, हेही तिला आतून माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी ती कचेरीचा जिना चढली, नेहमीसारखी पिशवी पाठीमागं धरून, आणि थेट मालकापुढं उभी राहिली.

"काढायचं? वेड लागलं का?" मालक म्हणाला. "काल एका बाईचा फोन होता. म्हणे दुकानात उभ्याउभ्या रडू आलं. इतकी वर्षं वाटायचं, मी एकटीच."

"ते माझ्या बहिणीचं आहे."

मालकानं टेबलावरचा खोका उचलून ते वाक्य पुन्हा वाचलं. मग म्हणाला, "मग तिला एक खोका पाठवून दे की." टोमणा नव्हता तो, मनापासून म्हणाला. त्यामुळं जास्तच झोंबलं.

"बदलू आपण," तो शेवटी म्हणाला. "पुढची छपाई आज जाणार आहे. पण तोडीस तोड पाहिजे. परत कापूस आणलास तर आहे तेच राहील."

ती टेबलाशी बसली. कापूसच येत होता. आईला फोन लावला.

"मला काही विचारू नकोस बाई," आई म्हणाली. "तुझ्यापुढं खोकायचीही चोरी झालीय आता." आणि फोन ठेवला.

म्हणजे घरातून आता काही मिळणार नव्हतं. तिनं चार वाक्यं लिहिली, चारही मेलेली. नजर खुर्चीला अडकवलेल्या पिशवीवर गेली. तिथंच खिळली.

गेलं वर्षभर तिलाही तोच त्रास होता. जिना चढताना जोर पडला की व्हायचं. कपड्यावर डाग दिसेल म्हणून पिशवी मागं. हे तिनं ताईलाही सांगितलं नव्हतं. त्या दुपारी ताई मोकळी झाली होती, ही नुसती हसली होती.

पलीकडच्या टेबलावरचा हिशेबनीस रोज तिच्या मागून जिना चढायचा. खोक्यावर वाचेल तेव्हा त्याला कळेल. मग सगळ्यांना.

तिनं लिहिलं. 'जिना चढताना पिशवी पाठीमागं धरता? आता हात हलवत चढा.'

मालकानं दोनदा वाचलं. तिच्याकडं बघितलं, पिशवीकडं नाही बघितलं. "हे जाईल," म्हणाला.

जुने खोके विकून संपेपर्यंत दुकानांत राहणारच होते. धाकटीनं ताईला फोन लावला. वाजत राहिला. परत लावला, तसाच.

टेबलावर एक नवी कढई येऊन पडली होती. तिनं ती जवळ ओढली, मुठीला हात लावून पाहिला. पत्रा किती जाड, ते आधी लिहिलं आणि लगेच खोडलं.