शकुनची वही, माझ्या अक्षरात

हे मी आजवर मायला सांगितलं नाही, बायकोला सांगितलं नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या शकुनला तर मुळीच नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही आमच्यापैकी कुणाला ओळखत नाही. हेही तसं भ्याडपणाचंच कारण झालं.

शकुन माझी धाकटी बहीण. नऊ वर्षांनी लहान. सानगडीपासून दोन कोसांवर आमचं गाव. वडील लवकर गेले. घरी माय, शकुन आणि मी, आणि तीन एकर धानाचं शेत. मी शेजारच्या गावी प्राथमिक शाळेत मास्तर होतो. माझं अक्षर सुंदर होतं — हे मी म्हणत नाही, सगळे म्हणत. आजूबाजूच्या शाळांचे फलक, निरोपाची मानपत्रं, सगळं माझ्याकडे येई. एखाद्या अक्षराची वेलांटी मनासारखी वळली नाही तर मी अख्खं पान फाडून पुन्हा लिहीत असे. लोक त्याला शिस्त म्हणत. मीही तेच समजत होतो.

सोळाव्या वर्षी शकुनला मिरगी सुरू झाली. अंग ताठ व्हायचं, डोळे फिरायचे, मग हातपाय झाडायची. भानावर आली की तिला काही आठवत नसे. "मले काय झालं होतं?" असं विचारायची, आणि आम्ही सांगू तेच तिला कळायचं.

मी तिला भंडाऱ्याला एका डॉक्टरांकडे नेलं. वयस्कर, शांत माणूस. त्यांनी गोळ्या दिल्या आणि मला म्हणाले, "मास्तर, एक वही करा. मिरगी केव्हा आली, किती वेळ राहिली, त्याआधी ती काय करत होती, ते रोज लिहा. नाही आली तर तसं लिहा. वेडंवाकडं लिहा, खाडाखोड करा, पण रोज लिहा. तिला स्वतःला काही सांगता येणार नाही. या वहीवरूनच मला औषध ठरवायचं आहे."

किती सोपं काम होतं. नाही?

मी साकोलीहून जाड पुठ्ठ्याची लांब वही आणली. पहिल्या पानावर शकुनचं नाव लिहिलं, भोवती वेलबुट्टी काढली. रकाने आखले — तारीख, वेळ, कालावधी, तपशील. पहिली नोंद खरी होती. पहाटे झोपेत आली, मी जवळच होतो, घड्याळ पाहिलं, लिहिलं. पान फार देखणं दिसत होतं.

दुसऱ्या वेळी मी शाळेत होतो. संध्याकाळी घरी आलो तर माय म्हणाली, "आज आली होती तिले. म्हशी पाण्यावर जाऊन राहिल्या होत्या, तवा."

किती वाजता? मायला घड्याळ कळत नव्हतं. किती वेळ? "लय वेळ," माय म्हणाली. आता सांगा, 'लय वेळ' हे कालावधीच्या रकान्यात कसं लिहायचं? म्हशी पाण्यावर गेल्या, हे वेळेच्या रकान्यात? मी म्हटलं, नीट विचारून उद्या लिहू. दुसऱ्या दिवशी मायला ते आठवेना. मग तो दिवस कोरा राहिला. मधेच एक कोरी ओळ असलेली वही पुढे लिहायला माझा हात उठेना. मी ते पान फाडलं. नव्याने आखलं. पुन्हा तेच झालं. चिठ्ठ्यांवर टिपून ठेवू आणि मग एकदाच सुवाच्य उतरवू असंही ठरवलं. दोन-चार चिठ्ठ्या झाल्या, त्या सदऱ्याबरोबर धुतल्या गेल्या.

माय रोज सांगायची. मी रोज "हो, लिहितो" म्हणायचो.

आणि मग महिना भरला. उद्या भंडाऱ्याला जायचं होतं आणि वही कोरी होती.

मी त्या रविवारी दुपारी बसून संपूर्ण महिना लिहून काढला. हो, मनाने. पहिली नोंद पहाटेची होती, म्हणून बाकीच्याही पहाटेच्याच केल्या — चार वाजून दहा मिनिटं, पावणेपाच, असं. कालावधी दोन मिनिटं, तीन मिनिटं. शाई दोन दौतींतली वापरली, म्हणजे एका बैठकीत लिहिल्यासारखं वाटू नये. कुठे कुठे "झटका नाही" असं लिहिलं. दिवसा आलेली एकही त्या वहीत नव्हती. ती टिपलेली नव्हती, आणि अंदाजाने लिहिली तर डॉक्टर खोलात विचारतील ही भीती होती. पहाटेचं कोण विचारणार?

डॉक्टरांनी वही पाहिली आणि चष्मा काढला. "अशी वही मी आजवर पाहिली नाही," म्हणाले. शेजारी बसलेल्या कंपाउंडरलाही दाखवली. शकुन माझ्याकडे अशी बघत होती की… जाऊ द्या.

त्याच वेळी बोललो असतो तर? पण मला त्या कौतुकाची लाज वाटण्याऐवजी बरं वाटलं. हे लिहिताना माझा हात अडतो आहे, पण खरं हेच आहे.

वर्षभर मी तेच केलं. दर महिन्याला एक रविवार. शकुन ती वही उघडून वाचायची. तिच्या दृष्टीने तेच तिचं खरं होतं. तिला दुसरं कळण्याचा मार्गच नव्हता. एकदा माय म्हणाली की तुले परवा अंगणात आली होती, तर शकुन तिलाच म्हणाली, "नाई व माय, भाऊच्या वहीत नाई ते. तुले भास झाला असन." मायला वाचता येत नव्हतं. मी तिथे बसून जेवत होतो.

वर्षाने डॉक्टर म्हणाले, "सगळे झटके पहाटे झोपेतच येतात. मग सकाळची गोळी बंद करू, रात्रीची वाढवू. दिवसा भीती नाही. कामाधामाला लावा, चुलीपाशी बसू द्या. पोरीला किती दिवस बांधून ठेवाल?" शकुनला इतका आनंद झाला की परतीच्या एसटीत ती सगळा रस्ता बोलत होती.

मी मनाशी म्हटलं, दिवसा हल्ली कमीच येते. खरंच कमी येत होती का? मला ठाऊक नव्हतं. मी लिहिलंच कुठे होतं?

आणीबाणी उठली त्या पावसाळ्यात, धानाची रोपं लावायच्या, रोवणीच्या दिवसांत, माय शेतात गेली होती. आधी ती शकुनला एकटी सोडत नसे, पण आता डॉक्टरांनीच सांगितलं होतं. शकुन भात शिजवत होती. शेजारीण धावली तेव्हा शकुनचा उजवा हात कोपरापर्यंत चुलीत होता.

हात वाचला, बोटं नाही. ती एकमेकांना चिकटून वाकडी झाली, ती कायमची. सिहोऱ्याकडचं एक स्थळ बोलणीत होतं, त्यांनी नकाराचा निरोप पाठवला. त्यात त्यांना काय दोष द्यायचा?

डॉक्टर दवाखान्यात तिच्या खाटेपाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मीच परवानगी दिली होती. माझा अंदाज चुकला." एवढा मोठा माणूस माझ्यासमोर मान खाली घालून उभा होता. आणि मी काय म्हणालो? "तुमचा काय दोष, डॉक्टरसाहेब."

त्यानंतर मी वही लिहिली नाही. कुणी विचारलंही नाही. भावाचं मन उठलं असेल, असं सगळ्यांनी धरलं. चारेक वर्षं अशीच गेली. गोळ्या चालू, मिरगीही चालू. मग एक दिवस शकुननेच शाळेतल्या पाठकोऱ्या उत्तरपत्रिका मागून घेतल्या, शिवल्या, आणि डाव्या हाताने लिहायला लागली. चौथी शिकलेली, त्यात डावा हात. अक्षरं एकमेकांवर चढलेली, ओळ कुठल्या कुठे गेलेली. मी एकदा ती उघडून पाहिली. "आज काई नाई. चवळीची भाजी." "माय मनते म्हशी आल्या तवा आली. मले आठवत नाई. जिभ दुकते." "मायने लय वेळ सांगतला." "आज लिवाचा कटाळा आला." एकही दिवस सुटलेला नव्हता.

ती मला म्हणाली, "भाऊ, चुका असतीन तं दुरुस्त करून दे न." मी म्हटलं, राहू दे, अशीच ने.

डॉक्टरांनी दोन्ही वह्या टेबलावर शेजारी ठेवल्या. बराच वेळ पानं उलटत राहिले. मग मला विचारलं, "मास्तर, तुमच्या वहीत सगळं पहाटे. हिच्या वहीत एकही पहाटे नाही. हे बदललं कधी?"

त्यांच्या आवाजात संशय नव्हता. ते फक्त विचारत होते. शकुन माझ्या उजवीकडे बसली होती, माय दाराशी. पुन्हा संधी आली होती, आणि यावेळी तर उत्तर माझ्याच तोंडात होतं.

"भाजल्यानंतर," मी म्हणालो.

डॉक्टरांनी मान हलवली आणि ते कागदावर तसंच लिहिलं. सकाळची गोळी पुन्हा सुरू झाली, एक नवीन गोळी वाढली. दोन-तीन महिन्यांत मिरगी जवळजवळ थांबली. त्या वाकड्या ओळींवरून त्यांना दोन भेटींत जे कळलं, ते माझ्या वहीवरून वर्षभरात कळलं नव्हतं.

शकुन आता माझ्याकडेच असते. लग्न झालं नाही. तिने कधी तक्रार केली नाही. माझ्या मुलांना सांगते की तुमच्या बापाने माझ्यासाठी किती खपून लिहिलं. मी ऐकतो आणि उठून बाहेर जातो. कशाला जातो, तेही मला नीट सांगता येणार नाही.

पण मायचं सांगायचं राहिलं. माय त्या रोवणीच्या दिवसाबद्दल कुणाला दोष देत नव्हती, फक्त स्वतःला. शेवटच्या आजारपणात तिचं बोलणं तुटक झालं होतं, तरी ती शकुनचा तो हात धरून तेच म्हणायची, "मीच गेली न व रोवणीले. कायले गेली मी?" शकुन तिला समजावायची. एकदा माय माझ्याकडे वळून म्हणाली, "तू तं एवढं लिहून ठेवत होता, बाबू. मीच घात केला."

तिला खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तिला ऐकू येत होतं, समजत होतं, आणि खोलीत आम्ही तिघंच होतो. मी तिला पाणी पाजलं. तीन दिवसांनी ती गेली.