गंगेच्या पाण्यानं धुतलेला दगड

‘आडनाव काय तुमचं?’

मी सॉरी म्हणाले, त्यावर त्या स्टॉलवाल्यानं हे विचारलं. नाव नाही विचारलं, आडनाव विचारलं. मी सांगून टाकलं. त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

‘तरीच,’ म्हणाला.

एवढंच. शिवी नाही, आरडाओरडा नाही. माझ्या हातातला दगड त्यानं टिश्यू पेपरात धरून घेतला आणि वाटीत ठेवला. गल्ल्यापाशी देवाचा फोटो होता, पुढं तांब्या. त्यातलं पाणी दगडावर ओतलं आणि शेजारच्या गिऱ्हाइकाला म्हणाला, ‘गंगेचं आहे. आता चालेल.’

नाशकात गंगा म्हणजे गोदावरी. रामकुंडावरनं भरून आणली असेल. त्याच गंगेत, रामकुंडाच्या वरच्या अंगाला, माझी मावशी दसऱ्याच्या आधी गोधड्या धुते. ते त्याला कुणी सांगितलेलं नसावं.

मी काय केलं होतं? दगडाला जीभ लावली होती.

आम्ही वडार. माझ्या आईबापानं बागलाणात विहिरी खोदल्या. सुरुंग उडाला की खडकात कधी कधी पोकळी उघडायची आणि आत काचेसारखे पांढरे-हिरवे खडे. पण वर सगळी धूळ. रंग बघायचा तर ओला करावा लागतो. प्यायचं पाणी लांबून आणलेलं, ते दगडावर कोण घालणार? आई जिभेचं टोक लावायची आणि उन्हात धरायची. मीही तशीच शिकले. आज अंबडला कारखान्यात सीएनसी मशीन चालवते, पण सुट्टीला पिशवी घेऊन खाणी धुंडाळते. नाद आहे. नादाला काय औषध असतं?

तसाच नाद असलेल्यांचा शहरात एक ग्रुप आहे. तो चालवणाऱ्या बाईंना सगळे मॅडम म्हणतात. यंदा रत्नांच्या आणि दागिन्यांच्या व्यापाऱ्यांचं मोठं प्रदर्शन भरलं, तिथं आमच्या ग्रुपला कोपऱ्यात एक टेबल मिळालं. टेबलावर माझा दगड मांडायचा ठरलं. नामपूरजवळच्या विहिरीत आईला सापडलेला. पुढं कार्ड, त्यावर माझं नाव. आईला सांगितलं तर म्हणाली, ‘आपला दगड बघायला कोण येतंय, नाय कामधंदा का लोकांना?’ पण दगड तिनंच साबणानं घासून दिला.

दगड मांडून झाला आणि मी स्टॉल बघत फिरले. जिकडंतिकडं काचा, दिवे, हिरे. एका स्टॉलवर उघडा ट्रे दिसला, कच्चे दगड ठेवलेले. पाटी होती, हातात घेऊन बघा. घेतला. धुळकट होता. पुढचं जिभेनं आपलं आपण केलं, मला विचारलंसुद्धा नाही. चारचौघांत करू नये, कबूल. म्हणूनच सॉरी म्हणाले होते.

त्यानं तांब्या खाली ठेवला तेवढ्यात मॅडम धावत आल्या. मला वाटलं, बोलतील. बोलल्या.

‘चुकलं तिचं. आमच्याकडची आहे ती.’

‘कामाला का?’ त्यानं विचारलं.

मॅडम हसल्या. हो म्हणाल्या नाहीत. नाहीही म्हणाल्या नाहीत.

मी सरळ बाथरूममध्ये गेले आणि चूळ भरली. परत भरली. परत भरली. हे सांगायला लाज वाटते, पण तेव्हा मला माझंच तोंड घाण वाटत होतं. आरशात बघवेना. हात सारखे ओढणीला पुसत होते, कशाचे ते माहीत नाही. मनात एकच, मुकाट घरी जावं, आईला सांगावं गर्दी लय होती.

बाहेर आले. रस्ता त्याच स्टॉलवरून. तिथं आमच्या ग्रुपातले सर उभे होते, कॉलेजात भूगोल शिकवून रिटायर झालेले. त्यांच्या हातात त्याच ट्रेमधला दगड. सरांनी जीभ टेकवली, दगड दिव्याखाली धरला आणि मान हलवली.

स्टॉलवाला म्हणाला, ‘साहेब, जुने जाणकार दिसता.’ आणि त्यांना बसायला खुर्ची दिली.

आडनाव विचारलं नाही. तांब्या जागच्या जागी.

सरांवर माझा राग नाही. त्यांना रंग बघायचा होता, मलाही रंगच बघायचा होता. पण माझं डोकं जे सणकलं ते अजून उतरलेलं नाही. अरे, मग मी चुळा कशाच्या भरत होते?

तरातरा टेबलापाशी गेले. माझा दगड होता, कार्ड उलटं घातलेलं.

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, ‘आजच्या दिवस असू दे गं. ग्रुपचंच नाव ठेवू. तो माणूस आयोजकांच्या ओळखीतला आहे. पुढच्या वर्षी टेबल मिळायला हवं ना? तू समजून घे.’

ग्रुपात त्या सगळ्यांना अहो-जाहो करतात, माझ्याहून लहान पोरींनासुद्धा. मला तेवढं तू. आजवर मी त्याला माया समजत होते.

‘कार्ड सरळ करा,’ मी म्हणाले.

‘तमाशा करू नकोस. नाहीतर दगड घेऊन जा.’

‘मी नाही नेणार. तुम्ही उचला.’

त्यांनी हात पुढं केला नाही. मी कार्ड सरळ केलं. पेन काढून नावाखाली लिहिलं, ‘वडार. विहीर खोदताना आईला सापडला.’ आणि टेबलाशेजारी उभी राहिले. निघून जावंसं वाटत होतं. गेले नाही. प्रदर्शन बंद होईपर्यंत जो आला त्याला आडनावासकट नाव सांगितलं, मग दगडाची माहिती सांगितली.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा मेसेज आला, मला एकटीला. ‘मनाला लावून घेऊ नकोस. पण काही दिवस ग्रुपपासून लांब राहिलीस तर सगळ्यांनाच बरं पडेल.’

तो मेसेज मी जसाच्या तसा ग्रुपवर टाकला. खाली सगळं लिहिलं. तरीच म्हणाला ते, गंगेचं पाणी ओतलं ते, कामाला का विचारलं ते आणि त्यावर मॅडम हसल्या तेही. सगळ्यांनी वाचलंय, सरांनीसुद्धा. सकाळी एकानं गुलाबाचं फूल पाठवलं, शुभ प्रभात.

आई म्हणते, ‘सोड ना तो ग्रुप. ते लोक आपले नाय.’

आई, सोडायला मी त्यांच्या दारात भीक मागायला गेले नव्हते. दगड शोधायला गेले होते, त्यांच्याइतकीच. मी गपगुमान निघून गेले की सगळ्यांचीच सोय होते. ती सोय मी करून देणार नाही. मला काढायचं असेल तर मॅडमनी काढावं, सगळ्यांच्या देखत, आणि का काढलं ते खाली स्वतःच्या नावानं लिहावं.