एकशे चार पावलं

मैदानावर सगळे त्यांना शिट्टीसर म्हणत, कारण गळ्यातली शिट्टी ते जेवतानाही काढत नसत. लांब उडी शिकवता शिकवता त्यांचे गुडघे गेले होते. पण चार वर्षं खपून त्यांनी एक मुलगी घडवली होती. तिला ते कौतुकानं नाकतोडा म्हणत. तिनं धाव कुठून सुरू करायची ते सर स्वतः मोजत. उडीच्या फळीपासून मागे, टाचेला चवडा लावत, एकशे चार पावलं. तिथं आपला रुमाल दगडाखाली ठेवत.

निवडचाचणीला आठ दिवस उरले असताना तिचे वडील आले. मोठ्या क्लबात व्यायामशाळा आहे, शिकलेला प्रशिक्षक आहे, तुमचे उपकार आहेतच, असं बरंच बोलले. बापाच्या शब्दापुढे सरांचं काय चालणार? बरोबर आहे, म्हणाले. घरी येऊन बायकोला सांगितलं, मला काही वाटत नाही. चहा पिताना पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितल्यावर ती म्हणाली, "अहो, काही वाटत नसलेला माणूस इतक्यांदा सांगत नाही."

चाचणीला सर उरलेल्या दोन मुलींना घेऊन आले, पण डोळे सारखे पलीकडे. नवा प्रशिक्षक उंच, हसरा, बुटांवर धुळीचा कण नाही. नाकतोडा त्याच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत होती. सरांच्या बोलण्याला तिनं इतकी मान कधी डोलवली होती? त्यांचा नुसता जळफळाट झाला.

उड्या तीनच. तिची पहिली फाउल गेली. दुसरीही. सरांना गार वाटलं. इतकं गार, की त्यांची त्यांनाच लाज वाटली.

मग त्यांनी तिची धाव सुरू करायची खूण पाहिली आणि उलगडा झाला. प्रशिक्षक मोजपट्टी विसरला होता. मुलीनं पाठ असलेला आकडा सांगितला, आणि त्यानं तो आपल्या दहा नंबरच्या बुटांनी मोजला. सरांचा बूट सात नंबरचा. धाव लांबली होती. पावलं जुळवायला ती शेवटी ढांग टाकायची आणि फळी ओलांडायची.

ती वेणीचं टोक चावत होती, सुरुवातीच्या दिवसांत चावायची तशी. सर पंचांना विचारून फळीजवळ गेले आणि मागे मोजू लागले.

"सर, मी मोजलंय," प्रशिक्षक म्हणाला. "एकशे चार."

"आकडा बरोबर आहे. पाय चुकीचे आहेत."

रुमाल ठेवून सर बाजूला झाले. तिसरी उडी अशी पडली, की निवडीच्या यादीत तिचं नाव पहिलं लागलं. ती धावत गेली ती नव्या प्रशिक्षकाकडे. बऱ्याच वेळानं सरांकडे येऊन म्हणाली, "गुडघे दुखले असतील ना, सर?"

प्रशिक्षक कुणाची तरी मोजपट्टी मागून आणत होता, फळीपासून रुमालापर्यंतचं अंतर लिहून घ्यायला. तो पोचेपर्यंत सरांनी रुमाल उचलून खिशात घातला होता.

"पुन्हा लागलं तर बोलवा," ते म्हणाले. "मी येऊन मोजून देईन."